दोन हिसके

हिमनदीची मोजणी पानगळीच्या दिवसांतच उरकायची असते. पण यंदा स्टेनवर हिचा पाय मोडला आणि काम डिसेंबरवर गेलं. दक्षिण आइसलंडच्या त्या गावात तिचं घराणं तीन पिढ्या ही मोजणी करत आलेलं. काम फुकटचं, मान मात्र मोठा. एक वर्ष चुकलं तर गावात नाक कापलं जाईल, असं तिला वाटे.

"हिमनदी काय पळून जातेय का, ताई?" गाडीतून उतरताना धाकटा भाऊ केटिल करवादला.

"दरवर्षी मागे पळतेच आहे. म्हणून तर मोजायची."

रीत साधी. एकानं दगडांच्या खुणेपाशी दोर धरून थांबायचं, दुसऱ्यानं टोक घेऊन बर्फाच्या कडेपर्यंत जायचं. कडा लागली की दोन हिसके. मग पहिल्यानं दोर गुंडाळत जायचं आणि दुसऱ्यानं त्या ओढीनं परत यायचं. काही झालं तरी खुणेपाशी दोर सोडायचा नाही.

अकराव्या वर्षी स्टेनवरनं तो सोडला होता. पाय बधिर झाले म्हणून ती गाडीत जाऊन बसली, आणि बाबा परत आलेच नाहीत. लोकांनी हवेला दोष दिला. तिनं चाळीस वर्षं तोंड उघडलं नाही. लाज मात्र तिला आतून खात राहिली.

केटिल निघाला आणि दहा पावलांत दिसेनासा झाला. भर दुपारी अंधारून आलेलं, वाऱ्यानं कानठळ्या बसत होत्या. दोर सरकत राहिला, मग थांबला. दोन हिसके आले. तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात गाडीच्या बाजूनं केटिल धापा टाकत आला. "दोर केव्हाच हातातून निसटला गं. नशीब, गाडीचे दिवे दिसले. चल, मरू दे ती मोजणी."

स्टेनवरनं बोट दाखवलं. दोर ताणलेला होता. पुन्हा दोन हिसके आले.

"दगडात अडकला असेल," केटिल म्हणाला. त्यानं चाकू काढला. "सोड, ताई."

"त्या दिवशी मी सोडला होता," ती म्हणाली. "बाबा दोर धरून येत होते आणि मी गाडीत ऊब घेत बसले. तू पाळण्यात होतास तेव्हा."

केटिलनं चाकू खाली घेतला.

दोर सैल पडला. पलीकडचं कुणीतरी चालू लागलं होतं. स्टेनवर हाती येईल तसा दोर गुंडाळत राहिली.

"तू गाडीत जा," ती म्हणाली. "मी थांबते."