भिंतीकडे तोंड केलेली पाटी

सोमवारी संध्याकाळी सिंगापुरात, पाया लेबार भागाजवळच्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर एवढ्या वस्तू होत्या: दोन दिवे, एक कॅमेरा, एक पोलादी मोजपट्टी, हातमोज्यांचा एक जोड, चहाचे तीन कप आणि मी. फ्लॅट वल्लरीचा; कप तिने लगेच उचलायला लावले.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. उंची अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, रुंदी एकवीस. वर धरायला मूठ आहे आणि खाली एक भेग. वल्लरीने माझ्या अंगावर आणखी एक गोष्ट मोजली. ती मी शेवटी सांगेन.

माझा जन्म सुदान देशात, नाईल नदीच्या काठी झाला. आपल्याकडच्या बाभळीच्या कुळातलं एक झाड होतं, त्याच्या खोडातून मला कापलं. गावातल्या शाळेत मुलं बोरूने माझ्यावर धडे लिहीत. काजळीत त्याच कुळातल्या झाडाचा डिंक घोटून शाई करीत. धडा पाठ झाला की मला धूत, आणि ते पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ओतत. विद्येचं पाणी तुडवायचं नाही, अशी तिथली रीत होती.

त्या मुलांत इद्रीस नावाचा एक मुलगा होता. त्यांच्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या दोन्ही गालांवर तीन-तीन उभ्या रेघा कोरलेल्या होत्या. मोठा झाल्यावर तो खार्टूमच्या चित्रशाळेत शिकायला गेला आणि मला काखेत मारून घेऊन गेला.

ती शाळा इंग्रजांच्या काळात सुरू झालेली. सुरुवातीला तिथे प्लास्टरची नाकं आणि सफरचंदं काढायला शिकवीत. सफरचंद त्या गावात कुणाच्या झाडाला लागत नसे. शाळेतले काहीजण विलायतेला जाऊन शिकून आले. त्यांनी आपल्या चित्रांची प्रदर्शनं मांडली. लोक मान राखायला आले, सरबत प्याले आणि निघून गेले. मग चित्रकारांना प्रश्न पडला, की आपल्या माणसांच्या घरात भिंतीवर असतं तरी काय? असत ती अक्षरं. टोपलीवरची नक्षी. आणि माझ्यासारख्या पाट्या.

तिथून त्या शाळेला स्वतःचा रस्ता सापडला. चित्रकारांनी अक्षरं उकलली. एका अक्षराच्या पोटाची होडी झाली, दुसऱ्याच्या शेपटीचा पक्षी झाला. अक्षरांतून शिंगं निघाली, चंद्रकोरी निघाल्या आणि लांबट, न हसणारे चेहरे निघाले. पुढच्या पिढीतली पोरं चिडली. ‘किती दिवस हे मुखवटे काढणार?’ असं तोंडावर विचारू लागली. भांडणं झाली आणि भांडणातून आणखी नवी चित्रं झाली. त्या शाळेत शिकलेली माणसं देशोदेशी गेली. मी मात्र वर्गात राहिले, कारण इद्रीस आता तिथे शिकवीत होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

उस्तादांचा एक नेम होता. शिक्षण संपलं की प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या नावाच्या अक्षरांतून आपला चेहरा माझ्यावर काढायचा आणि आपल्याच हाताने धुऊन टाकायचा. स्वतः विद्यार्थी असताना पहिला चेहरा त्यांनीच काढला होता. ते म्हणत, “काढलेलं पुसता आलं, की चित्रकार झालास.”

मित्रांनो, लाकूड पाणी पितं. पाण्याबरोबर काजळीही पितं. ते सगळे चेहरे माझ्या रेषांमध्ये उतरले आणि डोळे मिटून झोपले. त्यांचं मला ओझं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात हातिम नावाचा विद्यार्थी नाईलमध्ये बुडाला. त्या संध्याकाळी हवा दमट होती. वर्ग रिकामा होता. माझ्या अंगात काहीतरी हललं, जसं पाण्याखाली कुणी कूस बदलावी. हातिमचा चेहरा वर आला. त्याचे डोळे उघडे होते.

उस्ताद दिवा घ्यायला आत आले होते. त्यांनी मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी मला भिंतीकडे वळवलं. त्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून राहू लागले. नवीन विद्यार्थ्यांना त्यांनी दुसरी पाटी दिली.

उस्तादांची मुलगी इहसान लग्न होऊन सिंगापूरला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या सामानात घातलं. एवढंच म्हणाले, “तोंड भिंतीकडे ठेव.” इथे इहसान शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलांना चित्रकला शिकवते. मुलं तिला सिंगापुरी लकबीत सांगतात, “टीचर, हे चिकनसारखं दिसतं, lah!” आणि ती सांगते, “अक्षर आहे ते. कोंबडीही आहे. दोन्ही असू दे.”

यंदाच्या एप्रिलमध्ये खार्टूममध्ये लढाई पेटली. एकाच आठवड्यात माझ्या अंगावर तीन चेहरे जागे झाले. मग आणखी. मी समोरच्या भिंतीचा पांढरा रंग पाहत राहिले आणि ते सगळे माझ्याबरोबर पाहत राहिले.

उस्ताद गाव सोडायला तयार नव्हते. जूनपासून त्यांचा फोन लागत नव्हता. घर जळालं, चित्रं जळाली, असं एका शेजाऱ्याने कळवलं. उस्तादांचं काय झालं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. इहसानच्या हाती त्यांची एक रेघही उरली नव्हती. तेव्हा तिला मी आठवले. बाबांनी तरुणपणी माझ्यावर आपला चेहरा काढला होता, हे तिने ऐकलेलं होतं. वल्लरी एका प्रयोगशाळेत जुन्या वस्तू तपासते. इहसानने तिला गाठलं.

“धुतलेली काजळी डोळ्यांना दिसत नाही,” वल्लरी म्हणाली, “पण या कॅमेऱ्याला अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाश दिसतो. काजळी तो गिळते, लाकूड परत फेकतं. थोडी जरी उरली असेल तरी काळी दिसेल.”

सोमवारी तिने माझं चित्र घेतलं. चेहरे अकरा निघाले. डोळे बावीस. इहसान पडद्यावर बोट ठेवत गेली. “हा हातिम. बुडाला. हा सुलेमान. मे महिन्यात गेला. ही आमना... हीसुद्धा गेली.” पाचव्या चेहऱ्यानंतर ती नावं मनातच घेऊ लागली. अकरावा झाल्यावर म्हणाली, “बाबा नाहीत यात.”

“सॉरी, इहसान,” वल्लरी म्हणाली.

इहसान निराश होऊन गेली. मला मात्र हायसं वाटलं. कारण मला माहीत होतं, की तो चेहरा अजून झोपलेला आहे. जाताना तिने सांगितलं, “उद्या न्यायला येते. तोवर तोंड भिंतीकडे असू दे.”

दुसऱ्या दिवशी दसरा होता. वल्लरी कामावर गेली. तिच्या आई लताबाई पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्यांनी लिटिल इंडियातल्या बाजारातून झेंडू आणला होता, हळदकुंकू काढलं होतं. नव्हती ती फक्त पाटी. मग त्यांना मी दिसले. त्यांनी मला वळवलं, भांड्यातल्या पाण्यात फडकं पिळत पुसलं आणि खडूने माझ्यावर सरस्वती काढायला घेतली, एकावर एक ‘१’ मांडत. मध्येच त्या थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, “कोण आहे?” घरात कुणी नव्हतं. त्यांनी रेडिओ लावला.

संध्याकाळी वल्लरी आली आणि दारातच थबकली.

“आई! तू ती धुतलीस?”

“धुतली कसली, पुसली. आणि केवढी काजळी निघाली! फडकं बघ, काळंठिक्कर.”

“अगं, ती इहसानची आहे. त्यात तिच्या वडिलांचं चित्र शोधतोय आम्ही!”

“काल फोटो काढून झाले ना? मग?” लताबाईंचा आवाज उतरला. “दसऱ्याला घरात पाटी नको? तुमच्याकडे नुसते स्क्रीन. सरस्वती काय मोबाईलवर काढू? आणि विद्येची वस्तू अशी भिंतीकडे तोंड करून... मला बघवेना.”

तेवढ्यात इहसान आली. वल्लरीने सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली. इहसान माझ्यासमोर वाकली. आकड्यांच्या त्या देवीकडे पाहत राहिली. सुदानमध्ये हिंदी सिनेमे खूप पाहतात. तेवढ्या हिंदीत तिने विचारलं, “लताजी, पानी किधर डाला?”

“तुलसी में,” लताबाई चाचरत म्हणाल्या. “पूजा की पाटी का पानी मोरी में नहीं डालते.”

इहसान हसली. डोळे पुसत हसली. “एक-एक आँकड़े से देवी बनाया, और पानी पौधे को। तुम तो मेरे बाबा के स्कूल की हो।”

लताबाईंनी खडू हलक्या हाताने झाडला. मग मला चाचपून म्हणाल्या, “वल्ले, ओली आहे गं अजून.”

वल्लरीने मान वर केली. “ओल्या लाकडात प्रकाश जास्त खोल जातो. काल जे दिसलं नाही ते आज दिसू शकेल.” तिने दिवे लावले. मग इहसानकडे पाहून थांबली. “काढू?”

कालची अकरा नावं इहसानच्या ओठांवर हलत होती. तिला कळलं होतं, मित्रांनो, की त्या अकरांपैकी एकही आता जिवंत नाही. मला वाटलं, ती आता मला भिंतीकडे वळवील. मी लाकूड आहे, मला नको म्हणता येत नाही. माझ्या आत, अगदी तळाशी, कुणीतरी कूस बदलत होतं.

“काढ,” ती म्हणाली.

जुनी वस्तू पुसण्याआधी ती ज्याची असेल त्याला विचारा. आणि कुणी एखादी वस्तू भिंतीकडे तोंड करून ठेवली असेल, तर ती वळवण्याआधी तसं का ठेवलं तेही विचारा. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे.

चित्र पडद्यावर आलं. वल्लरीने वरपासून खालपर्यंत मोजलं, दोनदा.

चेहरे बारा. डोळे चोवीस. बाराव्या चेहऱ्याच्या दोन्ही गालांवर तीन-तीन उभ्या रेघा, प्रत्येक रेघ अकरा मिलिमीटर.