दोन संघांचा एक हातमोजा

मी उजवा हातमोजा बोलतोय. थंडीत घालायचा लोकरीचा नव्हे, गोलकीपरचा. माझा जुळा भाऊ डावा, तोही इथेच शेजारी पडलाय, पण तो मुलखाचा अबोल. त्यामुळे दोघांच्या वतीने मलाच तोंड उघडावं लागतं. वास येत असेल तर नाक जरा लांब धरा. तो घामाचा आहे आणि त्याची मला बिलकूल लाज वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या शिवणयंत्रावर झाला. मला शिवणारी बाई दिवसाला शेकडो बोटं शिवायची. शेवटचा टाका घालून झाला की ती आम्हाला स्वतःच्या हातात चढवायची, एक टाळी वाजवायची आणि मगच पिशवीत घालायची. मी ऐकलेला तो पहिला आवाज. त्यानंतर आठ महिने दुकानातल्या खुंटीला लटकत काढले. लोक यायचे, बूट बघायचे, चेंडू दाबून बघायचे. आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. खरंच, गोलकीपर व्हायचंय असं म्हणत दुकानात येणारी मुलं असतात तरी किती?

एक मात्र आली. अकरा वर्षांची, अंगाने एवढीशी, सोबत आई. तिने मला हातात घातलं आणि थेट आईच्या कानाजवळ टाळी वाजवली.

"बहिरी करशील मला," आई म्हणाली. मग माझ्या तळव्याचा जाड स्पंज चिमटीत धरून म्हणाली, "मीपण दिवसभर हातमोजेच घालते. पण आमचे एकदा वापरले की फेकायचे. हे किती दिवस टिकणार?"

आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळपासून लोकांच्या दंडाला सुया टोचायच्या आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे तिचं काम. दुसऱ्यांचं रक्त बघून ती कधी डगमगली नाही, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं की तिचा जीव खालीवर व्हायचा.

आणि पाणी यायचं हो, फार यायचं. मुलीला संघात सगळ्या मुंगी म्हणायच्या. मुंगी चपळ होती, जिद्दी होती, पण एक गोल खाल्ला की झालं. माझ्याच पाठीने डोळे पुसायची आणि घरी जाऊन दोन दिवस ताटाला हात लावायची नाही. वाईट म्हणजे पुढचा सामना दीड-दोन महिन्यांनी असायचा. तोवर तो एकच गोल तिच्या डोक्यात फिरत राहायचा. चूक सुधारायची कुठे आणि कशी? अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारून?

अशात बारा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा ठरली. आठ संघ, दोन दिवस, सात-सात जणींचे छोटे सामने. निघायच्या आदल्या संध्याकाळी आई माझा पट्टा शिवत होती. दाताने दोरा तोडून ती म्हणाली, "हे शेवटचं हं. हरून आलीस तर चालेल. पण रडत आलीस, की हातमोजे कपाटात. मला नाही बघवत."

मुंगीने मान हलवली. मला कपाट माहीत होतं. त्यात तिच्या बाबांची जुनी छत्री होती, तीन वर्षं न उघडलेली.

संघाचा कोच म्हणजे बसकाका. शाळेची बस चालवायचे आणि संघालाही त्याच बसमधून न्यायचे. त्यांना फुटबॉलमधली प्रत्येक गोष्ट गाडीच्या भाषेत समजायची. बचावाची फळी मागे सरकायला लागली की ते "रिव्हर्स! आरशात बघून रिव्हर्स!" असं ओरडायचे आणि इतर कोच एकमेकांकडे बघायचे.

पहिल्याच सामन्यात आमची दाणादाण उडाली. सहा गोल! समोरच्या संघाची गोलकीपर एक उंच, सडपातळ मुलगी होती. आमच्या पोरींनी तिचं नाव लगेच शिडी ठेवून टाकलं. शिडीला अख्ख्या सामन्यात काही कामच नव्हतं, ती खांबाला टेकून उभी होती. आणि इकडे मी सहा वेळा जाळीतून चेंडू काढला. शिट्टी वाजली तशी मुंगीने माझ्यात तोंड खुपसलं. मी चिंब झालो. मनात म्हटलं, चला, आता छत्रीच्या शेजारी.

बसकाका तिच्याजवळ उकिडवे बसले. "रडून घे. घड्याळ लावतो. पुढचा सामना सव्वा तासाने आहे."

"मी नाही खेळणार."

"बरं. एक सांग. समोरची गाडी कुठे वळणार, हे तू ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून ओळखतेस का?"

मुंगीने नाक ओढलं. "नाही."

"मग त्या पोरींच्या तोंडाकडे काय बघत होतीस? पुढचं चाक बघायचं. चेंडू मारायच्या आधी एक पाय जमिनीवर टेकतो ना, तेच चाक. त्याचं बोट जिकडे, बहुतेक वेळा चेंडू तिकडे. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा."

हीच गोष्ट त्यांनी सरावात वीसदा तरी सांगितली असेल. पण तेव्हा ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची सोय होती. आता सव्वा तासात ती खरी आहे की खोटी, हे कळणार होतं. मला विचाराल तर स्पर्धेची सगळी करामत या सव्वा तासात आहे. रुसायला वेळच मिळत नाही. जखम ओली असतानाच पुन्हा उभं राहावं लागतं, आणि उभं राहिलं की काहीतरी जमतंच.

दुसऱ्या सामन्यात मुंगी मला हातात चढवताना पुटपुटली, "चाक बघ, चाक बघ." दोन गोल गेले, पण तीन अडवले. तिसऱ्या सामन्यात एकही गेला नाही. मी बोटाबोटाने सांगतो, सकाळी सहा गोल खाणारा हात आणि दुपारचा हात एकाच मुलीचा आहे, यावर माझा विश्वास बसत नव्हता. गटात दुसरा नंबर आला, दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना जिंकला आणि फायनलला समोर पुन्हा शिडीचाच संघ.

ज्यांनी काल सहा ठोकले, त्यांना आज एकच गोल करता आला. आमच्याही एकीने एक केला. शिडीलाही आज खांबाला टेकायला फुरसत नव्हती. बरोबरी झाली आणि पेनल्टीची वेळ आली. या स्पर्धेचा नियम असा, की सातच्या सात जणींनी चेंडू मारायचा, गोलकीपरनेसुद्धा. कुणी नुसतं बघत उभं राहायचं नाही. हा नियम ज्याने केला त्याला माझा सलाम.

पण शिडीचा उजवा हातमोजा फाटला होता. तळवा पार सुटून लोंबत होता आणि पट्टाही तुटला होता. ती तो तसाच दुसऱ्या हाताने धरून गोलकडे निघाली.

मुंगी म्हणाली, "थांब. माझे घे. तुमची किक असेल तेव्हा मी घालते, आमची असेल तेव्हा तू."

बसकाकांनी डोक्याला हात लावला. "अगं, आपलं इंजिन काढून समोरच्या गाडीला बसवतेस?"

"काका, तिचा हात सोलवटेल."

पंचांनी खांदे उडवले. नियमात हे बसतं की नाही, त्यांनाही माहीत नसावं. आणि त्या घटकेपासून मी दोन्ही संघांकडून खेळायला लागलो.

शिडीची बोटं लांब. माझी टोकं ताणली गेली, शिवण कुरकुरली. तिचा हात गार पडला होता. तीही घाबरली होती तर! पट्टा कसा बांधायचा ते तिला कळेना, म्हणून मुंगी स्वतःच बांधून द्यायला लागली. आणि पट्टा ओढताना सवयीने पुटपुटली, "चाक बघ."

"चाक म्हणजे?"

"टेकलेला पाय गं. त्याचं बोट जिकडे, बॉल तिकडे."

मी हादरलो. अगं वेडे, काय बोलून बसलीस! पण मला आवाज कुठला? आणि मुंगीच्या तर ध्यानातही आलं नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी पट्टा बांधताना ती पुटपुटतच राहिली.

त्यांनी चार गोल केले. शेवटची किक मारायला शिडी स्वतः आली. मी मुंगीच्या हातात होतो. शिडीचा पाय टेकला, मुंगी डावीकडे झेपावली आणि माझ्या अबोल भावाने चेंडू बाहेर ढकलला. आमचे तोवर तीन झाले होते. आता शेवटची किक मुंगीची. मारला तर बरोबरी, हुकला तर सगळं संपलं.

तिने मला काढलं, शिडीच्या हातात चढवलं आणि पट्टा घट्ट ओढला.

दोरीपलीकडे, लॅबचा पांढरा कोट हातावर टाकून, आई उभी होती. काम संपवून धावत आली असावी.

आयुष्यात एवढ्या कोंडीत मी कधी सापडलो नव्हतो. समोर माझी मुंगी. जिच्या घामाने मी मऊ झालो, ती. वाटलं, सैल पडावं, निसटून जावं. पण हातमोजा हाताचा असतो, ज्याने घातला त्याचा. मुंगी धावली. शिडीने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, खाली पाहिलं. मुंगीचा डावा पाय टेकला. आम्ही उजवीकडे झेपावलो आणि चेंडू सणसणीत माझ्या तळव्यावर आदळला. मी तो अडवला. होय, मीच अडवला.

पलीकडे आरडाओरडा, उड्या, मिठ्या. मुंगी जागच्या जागी उभी. पहिल्यांदाच तिच्याजवळ डोळे पुसायला मी नव्हतो. शिडी त्या गर्दीतून सुटून तिच्याकडे आली आणि पट्टा सोडायला लागली.

मुंगीने विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तूच सांगत होतीस ना. दर वेळी."

 मुंगीने मला हातात घेतलं. मी वाट बघत होतो, आता डोळ्यांना लावेल, आता लावेल. तिने लावलं नाही. तिचे खांदे हलायला लागले, म्हणून मी घाबरलो, तर ती हसत होती. "म्हणजे काकांचं खरं आहे! माझ्यावरपण चालतं!"

रडले ते बसकाका. बसच्या काचा पुसायच्या फडक्याने डोळे पुसत ते बसमागे जाऊन उभे राहिले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. मैदान तर नुकतंच पाणी मारून ओलं केलेलं होतं.

घरी मुंगी पोटभर जेवली. जेवता जेवता चमच्याने आईला सातही किक करून दाखवल्या. मग मला उचललं आणि स्वतःच कपाटाकडे वळली. अट तिला आठवत होती, पहिल्या सामन्यानंतर आपण रडलो हे आठवत होतं, आणि आपण हरलो, तेही आपल्याच तोंडाने, हेही.

आई म्हणाली, "कपाटात काय घालतेस? ओले आहेत ना? दोरीवर टाक. उद्या सरावाला लागतील."

त्या रात्री दोरीवर पडल्या पडल्या माझ्या भावाने तोंड उघडलं. "बरं झालं," एवढंच म्हणाला.

आता दोन वर्षं झाली. मुंगीचा हात माझ्यात मावत नाही. ती आणि शिडी मोठ्या मुलींच्या एकाच संघात आहेत, एक सामना हिचा, एक तिचा. मी बसकाकांच्या बसमध्ये खुंटीवर असतो. माझा तळवा विरलाय, करंगळी दोनदा शिवलीय.

उद्या पुन्हा स्पर्धा आहे. नवी गोलकीपर नऊ वर्षांची, भित्री, नखं कुरतडणारी. तुम्ही बघायला या, पण एक विनंती आहे. पहिला सामना हरली म्हणून तिला घरी नेऊ नका. दुसऱ्यापर्यंत थांबा, जमलं तर तिसऱ्यापर्यंत. मला काचेच्या कपाटात ठेवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तोही काढून टाका. मला फाटेपर्यंत खेळू दे.

आज दुपारी मुंगी आणि शिडी दोघी आल्या होत्या. एकीने मला त्या पोरीच्या हातात चढवलं, दुसरीने भावाला. पोरीची कुरतडलेली नखं माझ्या अस्तराला लागली. दोघींनी एकदमच पट्टे ओढले आणि दोघी एकदमच पुटपुटल्या, "चाक बघ."

पोरीने विचारलं, "चाक म्हणजे?"