वित्स्कोसारखे दात

दात चावायला हवे असतात असं मी कॉलेजात शिकले. साफ खोटं! पुरुषांना दात हवे असतात ते शेजाऱ्याला दाखवायला. ओमिश या समुद्रकाठच्या गावात दवाखाना थाटला तेव्हा हे कळलं.

माझा चुलता दुयामकाका आमच्या क्लापाचा पहिला आवाज. क्लापा म्हणजे वाद्यंबिद्यं काही नाही, पुरुष खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि नुसत्या गळ्यावर गातात. काकाचे सगळे दात गेले, तेव्हा मी जबड्यांत इम्प्लांट बसवले आणि त्यांवर तात्पुरते प्लास्टिकचे दात स्क्रूने आवळले. त्या दातांनी तो झकास गात होता. आता त्याच्या एकुलत्या लेकीचं, नेदाचं लग्न होतं. चर्चच्या पायऱ्यांवर पहिली ओळ बापाने एकट्याने म्हणायची, मग बाकीच्यांनी उचलायची. काका त्या ओळीसाठीच जगत होता म्हणा ना.

पक्क्या दातांसाठी मी नमुने मांडले. "हे बघ काका. आत टायटॅनियमचा सांगाडा, वर प्लास्टिकचे दात. हलके, आणि एखादा मोडला तर तेवढाच बदलता येतो. कोबाल्ट-क्रोमचा सांगाडा टणक, पण जड. हा नवा चिवट प्लास्टिकचा, पण एवढ्या लांबीला तो वाकेल, मला भरवसा नाही."

"आणि वित्स्कोच्या तोंडात आहे तो?"

आला वित्स्को! क्लापातलाच, काकाचा जन्माचा वैरी. "ते झिरकोनिया, चिनीमातीच्या जातीचं. पांढरंशुभ्र, डाग पडत नाही. पण वर-खाली दोन्हीकडे बसवलं की कपावर कप आपटावा तसं वाजतं."

"वित्स्कोचं कुठे वाजतं? वर्षभर माझ्या शेजारी उभा राहून गातोय. मला कान नाहीत? हल्ली तर कुणाशी बोलतही नाही, इतका रुबाब आलाय मेल्याला. पोरी, मला तसेच दे."

दिले. कपाळ कोण फोडून घेणार? जुने कचऱ्यात टाक म्हणाला, ते मी कपाटात ठेवले.

लग्नाच्या दिवशी सकाळी काका दवाखान्याच्या दारात हजर. तोंड एवढंसं झालेलं.

"काल तालमीत, टक्, प्रत्येक शब्दाला, टक्. मास्तर म्हणाले, इथे सुतार कोण आणून बसवलाय? मग वित्स्कोने मला कोपऱ्यात नेलं. म्हणाला, मी करतो तसं कर. नुसतं तोंड हलव."

"म्हणजे तो बोकड वर्षभर..."

"वर्षभर! आवाज काढलाच नाही." काका खुर्चीत कोसळला. "पण मी कसं हलवू ग नुसतं तोंड? पहिल्या ओळीला मी एकटाच. समोर लेक उभी असणार."

मूर्ख म्हातारा! माझेच डोळे भरून आले, त्याचा जास्त राग आला.

"आ कर," मी खेकसले.

झिरकोनिया काढलं, ते पिवळट प्लास्टिक परत आवळलं. दुपारी काका असा गायला की नेदाचं काजळ गालांवर उतरलं.

लग्नानंतर वित्स्को आला, टोपी हातात धरून. "डॉक्टरीणबाई, माझेही जुने दात..."

"तुमचे? धक्क्यावर गावाला वाईन पाजून, भाषण ठोकून समुद्रात फेकलेत ना ते? मासे गात असतील आता."

तो हसला नाही. मीच मग विचारलं, "पण वर्षभर कुणालाच कसं कळलं नाही हो?"

"मीही त्याचीच वाट बघत होतो," तो म्हणाला. प्रत्येक शब्दाला टक् वाजत होतं. "कुणीतरी म्हणेल, वित्स्कोचा आवाज ऐकू येत नाही."