मोठ्या तोंडाची रायफल

मी बोलतेय. बंदुकांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात डावीकडे उभी आहे ना, ती लांब काळी रायफल. माझ्यासमोर आलेला माणूस आधी पोट आत घेतो आणि मग किंमत विचारतो. दचकू नका, माझ्यात काडतूस नाही. मोठमोठ्यानं बोलायला आत काही असावं लागत नाही, हे मी माझ्या गिऱ्हाइकांकडूनच शिकले.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या जाड सळईला आरपार भोक पाडलं, आतून पीळ दिला आणि माझी नळी झाली. त्या पिळामुळे गोळी भिंगरीसारखी फिरते आणि सरळ जाते. माणसांच्या पोटातला पीळ मात्र त्यांचं काही म्हणजे काही सरळ जाऊ देत नाही.

शेवटी एका बाईनं मला वाळूच्या पिशव्यांवर टेकवून माझी परीक्षा घेतली. सगळ्या गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ पडल्या. ती "ठीक" म्हणाली आणि पुढची रायफल उचलली. त्यानंतर माझी पुष्कळ स्तुती झाली, पण त्या "ठीक"ची सर कशालाच आली नाही.

माझ्या नळीचं तोंड आठ पॉइंट सहा मिलिमीटरचं आहे. याला कॅलिबर म्हणतात. म्हणजे गोळी किती जाड, एवढंच. जाड गोळी जड असते, वारा तिला फारसा ढकलू शकत नाही आणि ती फार लांब जाते. जाताना ती मागे तशीच सणसणीत लाथही मारते. यात गुपित काही नाही. पण या एका आकड्यावरून दुकानात शहाणीसुरती माणसं तासन्‌तास वाद घालतात. त्यांतल्या निम्म्यांनी हजार मीटरवरचं लक्ष्य कधी पाहिलेलंही नसतं. आमचा दुकानदार सगळ्यांच्या बोलण्यावर मान डोलावतो. त्याची मान हा दुकानातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग आहे.

अशाच एका दुपारी डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर. गावात नाव होतं, हात हलका म्हणून ख्याती होती. येताना ते कागदांचा गठ्ठा घेऊन आले होते. कुठली गोळी किती खाली येते, किती वेगानं जाते, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. दुकानदारानं त्यांच्यापुढे साडेसहा मिलिमीटरची एक रायफल ठेवली. हलकी, धक्का कमी, काडतुसं स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर होतो. हजार मीटरवर कागदाला भोक पाडायला आणखी काही लागत नाही.

डॉक्टरांनी तिच्याकडे, लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवलेला माणूस यजमानाकडे बघतो, तसं पाहिलं. म्हणाले, "ही तर आमच्या साडूंकडे आहे."

तेवढ्या एका वाक्यावर माझं लग्न ठरलं.

आता हे साडू कोण, ते सांगते. डॉक्टरांची बायको थोरली. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा चष्म्यांच्या दुकानाचा मालक. दोघींचे वडील निवृत्त न्यायाधीश. त्यांना घरचे सगळे अप्पा म्हणत. अप्पा पंचवीसेक वर्षं नेमबाजी क्लबच्या चौघांच्या संघात होते. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना संघातली जागा सोडावी लागली. त्यांनी जेवताना सांगून टाकलं की दोघा जावयांपैकी निवडीच्या दिवशी जो चांगला मारेल, त्याची शिफारस मी करीन. अप्पांना वाटलं, घरात खेळीमेळी राहील. इतकी वर्षं न्यायासनावर बसून त्यांना साडू ही जात कळली नव्हती.

चष्मेवाला तरी काय मोठा गुणी होता? वारा बघायला तो रुमाल हवेत धरायचा आणि मग त्या वाऱ्यावर व्याख्यान द्यायचा. पण रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मैदानावर यायचा आणि निमूट गोळ्या मारायचा. निमूट, म्हणजे व्याख्यान संपल्यावर.

डॉक्टरांनी अप्पांना एका शब्दानं विचारलं नाही. अप्पांचा सल्ला काय असणार ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून. परवाना आला, दुर्बीण बसली, दुकानदारानं तिचे स्क्रू घट्ट पिळून प्रत्येकावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे कुणी फिरवला तर कळावं. आणि मी डॉक्टरांच्या घरी गेले. थोरलीनं मला दिवाणखान्यात आडवी ठेवलेली पाहिली आणि विचारलं, "ही झोपणार कुठे?" माझ्याबद्दल त्या घरात विचारलेला हा पहिला आणि बराच काळ एकमेव शहाणा प्रश्न.

पहिल्याच दिवशी मैदानावर डॉक्टर चटईवर पालथे पडले, डोळा दुर्बिणीला अगदी चिकटवला आणि चाप ओढला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे मागे आले. दुर्बिणीच्या कडेनं त्यांच्या भुवईवर सुबक अर्धगोल कोरला. रक्त आलं, टाका पडला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलेल्या रोग्यांना त्यांनी कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं.

तेव्हापासून ते मला घाबरू लागले. तोंडानं नाही, अंगानं. चाप ओढण्याच्या ऐन क्षणी डोळे मिटायचे, खांदा पुढे ढकलायचे, माझं नाक खाली दाबायचे. गोळी कधी लक्ष्याच्या पायथ्याला माती उडवायची, कधी शेजाऱ्याच्या कागदाला लागायची. माझ्या आवाजामुळे आजूबाजूचे आपल्या चटया उचलून लांब सरकले. डॉक्टरांना वाटलं, दबदबा बसला.

घरी आल्यावर मात्र ते कागद काढून बसत. आज दमटपणा जास्त होता. काडतुसांची पेटी खराब निघाली. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता थोडा आखूड आहे. दस्त्यानं काय बोलावं? ज्या माणसाचा हात दुसऱ्याच्या तोंडात तसूभर हलत नाही, तोच माणूस माझ्याजवळ आला की माझं नाक मातीत खुपसायचा, आणि दोष दमटपणाचा.

निवडीचा दिवस आला. चष्मेवाल्याच्या गोळ्या बऱ्या पडल्या. फार छान नाही, बऱ्या. डॉक्टरांच्या निम्म्या गोळ्यांचा पत्ताच लागला नाही. ते उठले, कपडे झटकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की दुर्बीण हलवलेली आहे. सकाळी चहाला गेलो तेव्हा रायफलपाशी साडूच उभे होते. चष्म्याचे स्क्रू पिळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे अवघड नाही.

चष्मेवाला पांढराफटक पडला. त्यानं आपलं सामान आवरलं. धाकटी तिथेच होती. ती थोरलीकडे बघत राहिली, थोरली जमिनीकडे. आणि झालं. दोन बहिणींचं बोलणं बंद. धाकटीनं फोन उचलणं सोडलं. थोरली संध्याकाळी फोन हातात घेऊन बसायची आणि तसाच खाली ठेवायची. डॉक्टर जेवताना वाऱ्याच्या वेगावर बोलायचे. ऐकायला समोर कुणी नसायचं.

मी त्यांच्या घरच्या कपाटात उभी राहून हे पाहत होते. माझ्या दुर्बिणीला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. पण मला विचारतो कोण?

शेवटी अप्पांनी दोघी मुली आणि दोघे जावई, चौघांनाही मैदानावर बोलावलं. नेहमीच्या आवाजात म्हणाले की आरोप झाला आहे, तेव्हा चौकशी होईल. आधी त्यांनी भिंग लावून माझे स्क्रू पाहिले आणि मग दोन्ही मुलींना दाखवले. पिवळी रेघ सगळीकडे सलग होती, कुठेही तुटलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, मग आतून काही बिघडलं असेल. अप्पा म्हणाले, असेल. तुम्ही झोपा, मी शेजारी बसून एकेक काडतूस भरतो, तुम्ही फक्त नेम धरा.

पहिलं काडतूस खरं होतं. गोळी कागदाच्या कोपऱ्यात लागली. दुसऱ्या वेळी अप्पांनी तळहाताआड लपवून माझ्यात वापरलेलं, रिकामं काडतूस सरकवलं आणि मागची खिट्टी लावली.

डॉक्टरांनी चाप ओढला. टक्‌, एवढाच आवाज झाला. धक्का नाही, धूर नाही. आणि त्या शांततेत सगळ्यांना स्वच्छ दिसलं: डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले, खांदा पुढे फेकलेला आणि माझी नळी वीतभर खाली मातीकडे वाकलेली. जणू अंगावर भिंत कोसळत होती. कोसळत काहीच नव्हतं.

मी खूप फजित्या पाहिल्या आहेत. इतकी उघडी पाहिली नाही.

कुणी हसलं नाही. अप्पांनी रिकामं काडतूस काढून चटईवर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दुर्बिणीला कुणी हात लावलेला नाही, जावईबापू. तुम्ही हिला भिता."

मला वाटलं, आता डॉक्टर चटईला दोष देतील. पण त्यांनी मला अलगद चटईवर टेकवलं. मग उठून बसले, आणि त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं आकडा नसलेलं वाक्य बाहेर आलं.

"पहिल्या दिवसापासून भितो, अप्पा. दुकानात हातात घेतली तेव्हाच वाटलं होतं, ही आपल्याला झेपायची नाही."

"मग घेतलीत कशाला?"

डॉक्टरांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. "यांची साडेसहाची होती म्हणून."

आता मात्र हसू फुटलं, आणि ते थोरलीला. हसता हसता तिचे डोळे भरून आले. धाकटीनं जवळ येऊन तिच्या हाताला धरलं. डॉक्टर उठून साडूंपुढे उभे राहिले आणि म्हणाले की मी खोटं बोललो, तेही चारचौघांत. तेव्हा माफीही चारचौघांत मागतो. चष्मेवाल्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, व्याख्यान येणार. पण तो एवढंच म्हणाला, "टाक्याचा वण अजून दिसतो हो भुवईवर. कपाटाच्या दारानं असा गोल वण पडत नसतो, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. बोललो नाही."

संघात चष्मेवाला गेला. सामन्यातून मधल्याच कुठल्यातरी क्रमांकावर परत आला आणि महिनाभर वाऱ्याला शिव्या देत होता. घरोघरी मातीच्या चुली.

मी पुन्हा दुकानातल्या या कपाटात आले, डॉक्टरांच्या वतीनं विकायला ठेवलेली. परवा एक व्यायामशाळेचा मालक आला. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या उसवायला आलेल्या. त्यानं विचारलं, सगळ्यात मोठी कुठली? दुकानदाराची मान डोलली आणि बोट माझ्याकडे वळलं. नेमके तेव्हाच डॉक्टर आत आले. हल्ली ते सगळ्यात लहान कॅलिबरची रायफल घेऊन पन्नास मीटरवर सराव करतात, अप्पा शेजारी खुर्ची टाकून बसतात. त्या रायफलीसाठी काडतुसं न्यायला ते आले होते.

दुकानदारानं कौतुकानं ओळख करून दिली की हीच यांची रायफल. दंडवाल्यानं विचारलं, कशी आहे?

डॉक्टर माझ्याकडे पाहत म्हणाले, "उत्तम आहे. हिच्यात काही खोट नाही. तुमच्याकडे मैदान केवढं आहे?"

"तीनशे मीटर."

"आणि महिन्यातून किती वेळा जाणार?"

"जमेल तसं."

"मग हिला का घेता?"

दंडवाल्यानं बाही खाली ओढली. विचार करून येतो म्हणाला आणि गेला. दुकानदार चिडला, स्वतःचा सौदा स्वतःच्या हातानं मोडणारा माणूस आजच पाहिला, असं म्हणाला. डॉक्टरांनी काडतुसं घेतली, जाताना माझ्या नळीवर बसलेली धूळ बोटानं पुसली आणि बाहेर पडले.

तर अशी मी उभी आहे. तुम्ही आलात तर मला घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. मला हजार मीटरच्या पलीकडचं बघायची अजून हौस आहे. पण येताना शेजाऱ्याकडे काय आहे, ते बाहेर चपलांपाशी ठेवून या. तुमचा खांदा केवढा, मैदान केवढं आणि सराव किती, तेवढं खरं सांगा. दुकानदाराला वाटेल त्या थापा मारा, तो मान डोलावेल. मला मान नाही.

आणि डॉक्टरांविषयी विचाराल तर, सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये ज्याला नाव ठेवायला मला जागा उरली नाही, असा तो एकच माणूस आहे. मी त्याला अजूनही पेलत नाही. पण माझ्यासमोर उभा राहून पोट आत न घेणारा आजवर तेवढाच आला.