तारखेनं की ठेक्यानं

दिराने बांध सरकवून केशरबाईच्या धानाच्या बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, आठ हात जमीन गिळली होती. ती जमीन परत मिळवायला केशरबाई लाखांदूरला लांजेवार वकिलांकडे आली.

"फी दोन प्रकारे, मावशी," वकील म्हणाले. "दर तारखेचे पाचशे, नाहीतर एकदम वीस हजार."

केशरबाई विचारात पडली. आपल्या गावी, दिघोरीत, तिने वीस वर्षं बायांकडून रोवणी करून घेतली होती. रोजीच्या बाया घडीघडी कंबर सरळ करतात, काम लांबतं. ठेक्याच्या बाया दुपारीच उरकतात, पण रोप इतकं वरवर खोचतात की सकाळी पाण्यावर तरंगतं.

"तारखेनंच घ्या," ती म्हणाली. "पण दर तारखेले मी येईन."

"कायले येता? तुमचं काम नसते तिथं."

"रोवणीच्या बायाबी मले असंच म्हणतेत, साहेब."

पहिल्या तारखेला वकील कोर्टात शिरले, तर केशरबाई भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्याच बाकावर. हातातला कागद त्यांनी हळूच फायलीत सरकवला.

"तो कायचा जी?"

"पुढची तारीख मागायचा होता," वकील ओशाळून म्हणाले. "राहू द्या. आज चालवतो."

केशरबाईने त्यांना बसायला जागा करून दिली.