प्रमिलाबाईंच्या दाढेवरची टोपी

मी प्रमिलाबाईंच्या डाव्या दाढेवरची सोन्याची टोपी बोलतेय. माझ्यामुळे एका भल्या बाईची पोथी बंद पडायची वेळ आली होती. त्यात माझं नेमकं काय चुकलं, ते मला अजून धड कळलेलं नाही.

मी आधी एकदाणीत होते, प्रमिलाबाईंच्या आईच्या गळ्यात. बाईंची दाढ किडून ठणकायला लागली, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी कीड कोरून काढली आणि वर टोपी बसवा म्हणाले. आईने एकदाणीतले मणी काढून दिले. सोनाराने ते आटवून मला दाढेच्या मापाने घडवलं, डॉक्टरांनी लेप लावून बसवलं. उजेडातून एकदम ओल्या काळोखात! पण शिरपूरला परतताना एस.टी.त बाईंनी मला जिभेने चाचपलं आणि पुटपुटल्या, "आई, आता तू माझ्या तोंडातच राहायला आलीस गं." मग मला बरं वाटलं.

बाई मला फार जपायच्या. सकाळी राखुंडीने सगळे दात घासायच्या, पण माझ्यापाशी आलं की बोट वळसा घालून पुढे जाई. सोनं म्हणजे लक्ष्मी, तिला राख कशी लावायची? धनत्रयोदशीला तर आरशासमोर आ करून त्यांनी मला हात जोडले.

पुढे त्यांचा मुलगा जीवराम टायफॉइडने अंथरुणाला खिळला. बाईंनी नवस केला: पोरगा उठू दे, चातुर्मासभर गल्लीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवीन, सोमवार निर्जळी करीन. पोरगा उठला. आषाढात वाचन सुरू झालं. बायका गुडघ्याला गुडघा लावून ऐकायच्या.

श्रावणात मात्र त्या मागे सरकू लागल्या. कुणी म्हणे उकडतं, कुणी म्हणे दाराशी वारा लागतो. शेजारच्या भिकुबाईंनी पदर नाकाला लावला तो सोडेनात. मला नाक नाही, त्यामुळे मला काहीच उमगेना. शेवटी भिकुबाईच बोलल्या, "प्रमिला, राग नको मानू. तुना तोंडले वास येस. सोनारनी फसाडं तुले. तांबं शे त्यामा, मी सांगस!"

मी हादरले. मी खोटी? मणी होते तेव्हा तर मला कुणी नावं ठेवली नव्हती.

बाई रात्रंदिवस त्याच विचारात. लवंग धरली, वेलची चघळली, तुळशीची पानं खाल्ली. थोडा वेळ बरं, पुन्हा तेच. त्यांना वाटलं, आपलं वाचन देवाला पोचत नाही. म्हणून गुरुवारही निर्जळी धरला. इतर उपासांना भगर आणि दाण्याची आमटी. वास आणखी वाढला. बाई देवाच्या जितक्या जवळ जात, तितक्या बायका लांब बसत. हे कसलं गणित? मला काही सुटेना.

त्यांचे यजमान रुपचंदभाऊ म्हणाले, "तुझ्या उपासांनी माझंच पोट खपाटीला गेलंय. पोथी भिकुबाईंच्या सुनेला दे आणि मोकळी हो."

"नवस माझा आहे," बाई रडवेल्या झाल्या. "मध्येच सोडला आणि जीवरामला काही झालं तर? त्यापेक्षा ही टोपीच काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा धुळ्याला. डॉक्टरांनी आरसा घातला, आकडी फिरवली आणि माझ्या कडेखालून भगरीचा आंबलेला लगदा बाहेर काढला.

"इथे घासत नाही का, बाई?"

"सोन्याला राख कशी लावू? आईची एकदाणी आहे ती."

"सोनं सडत नाही, पण त्याच्या कडेला अडकलेलं अन्न सडतं. हिरडी बघा कशी सुजलीय." मग त्यांनी विचारलं, "घरातले देव घासता?"

"रोज. चिंच आणि राख लावून."

"देव रागावतात?"

बाई मग तोंड उघडं ठेवूनच हसल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, मऊ ब्रश हिरडीच्या कडेने फिरवा, फटीतून दोरा ओढा, जीभ घासा, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा. पाणी प्या, तोंड कोरडं पडलं की वास वाढतो. "लेप अजून शाबूत आहे. तो सुटला की आत कीड लागते, म्हणून अधूनमधून दाखवून जात जा."

पाण्याचं बाईंना अवघड गेलं. घरी येऊन देवापुढे बसल्या. "देवा, पाणी घेते. त्याबदल्यात चहा सोडते."

रुपचंदभाऊ दारातून ओरडले, "माझा सोडू नकोस म्हणजे झालं!"

पहिल्यांदा ब्रश लागला तेव्हा हिरडीतून रक्त आलं. बाई दचकल्या, पण थांबल्या नाहीत. हळूहळू सूज उतरली. भाद्रपदातल्या एका दुपारी भिकुबाई सरकत सरकत पुढे आल्या आणि पोथीतलं चित्र बघायला बाईंच्या गालाला गाल लावून वाकल्या. "आते सांग, हाई कोन शे?" बाई सांगत गेल्या. पदर भिकुबाईंच्या खांद्यावरच राहिला.

आज जीवराम कॉलेजात आहे. मी थोडी झिजले आहे, पण रोज घासली जाते. तेव्हा लोक दूर जात होते ते माझ्यामुळे की माझ्या मानामुळे, याचा घोळ अजून माझ्या मनात आहे. तुमच्याही कुणाच्या तोंडात माझी एखादी बहीण असेल. तिला हात जोडा हवे तर, पण रोज घासा, बाई.