सुमीचा घास

सुप्रभाचा नेम होता, गाईला घास घातल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. जपानातल्या इचिकावात गाय कुठली मिळायला? मग लेक अश्लेषा घोडेस्वारी शिकायची त्या घरामागच्या तबेल्यातच तिने सोय लावली.

तिथे इंग्लंडहून आणलेल्या दोन काळ्या, बुटक्या घोड्या होत्या. हाना ‘डेल्स’ जातीची, सुमी ‘फेल’ जातीची. तीच दाट आयाळ, तेच खुरांवर लोंबणारे केस. हाना जरा थोराड, एवढाच फरक. तरी हानापुढे दाण्याची बादली आणि सुमीपुढे तोलून मापून मूठभर गवत.

मालक नाकाजिमा-सान म्हणाले होते, ''हाना दिवसभर गाडी ओढते. सुमी उजाड डोंगरावरच्या वाणाची, वाऱ्यावरही फुगते. एकदा खुरांनी अधू झालीय. गोड म्हणजे तिला विष.''

अश्लेषाने ते मराठीत सांगितलं. सुप्रभाला तो सावत्रपणाच वाटला. रोज सकाळी ती पोळीत गूळ घालून सुमीला भरवू लागली.

''आई, दामे, नाही चालत. बोर्डवर लिहिलंय, खायला घालायचं नाही.''

''अगं, हे खायला घालणं नव्हे. देवाच्या नावाचा घास आहे.''

चार महिन्यांनी सुमीने पुढचे पाय टेकणं सोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खुरातलं हाड फिरून तळव्यातून बाहेर येऊ पाहत होतं. इलाज नव्हता.

नाकाजिमा-सान शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे कमरेत वाकले. ''माझीच चूक. गवत जास्त झालं असेल.''

अश्लेषाने अर्थ सांगितला तशी सुप्रभाने तिला पुढे ओढलं. ''अश्लेषा, माझ्या घासाचं सांग त्यांना.''

''नको ना. कुणालाच माहीत नाही.''

''देवाला माहीत आहे. सांग.''

पोरीने मान खाली घालून सांगितलं. नाकाजिमा-सान सुप्रभाकडे वळले.

''माइनिची?'' त्यांनी विचारलं. रोज?

एवढा शब्द तिला येत होता. तिने मान हलवली.

आडवी पडलेली सुमी मान लांबवून तिची पिशवी हुंगत होती. सुप्रभाने पिशवी पाठीमागे लपवली.

''द्या,'' नाकाजिमा-सान पिशवीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले. ''आता द्या.''

सुमीने पोळी खाल्ली, तळहातही चाटला. मग डॉक्टरांनी शेवटची सुई टोचली.

घरी अश्लेषाने आईचं पान वाढलं. घास घालून झाला होता, नेम मोडला नव्हता, जेवायला काही हरकत नव्हती. सुप्रभा पानावर बसून राहिली. हाताला अजून गुळाचा वास येत होता.